मलूखने राखलेला वाटा

मी याजकाच्या घरातला, पण माझ्या डाव्या डोळ्यात जन्मापासून फूल. अंगात खोट असलेल्याला वेदीपाशी जाता येत नाही. म्हणून यरुशलेमच्या मंदिरात सेवा करायचा आमच्या पाळीचा आठवडा आला, की मी लाकडाच्या खोलीत बसून किडकी लाकडं निवडून बाजूला काढायचो. मलूख मात्र वेदीवर चढायचा. आम्ही दोघं एकाच गावचे, केफार-अलोनचे. वर्षातून दोनदा बरोबरच डोंगर चढायचो.

मलूख फार कडक. शेतकरी खळ्यावर आमच्यासाठी पहिला वाटा काढून ठेवत, ते धान्य पवित्र. याजकानं आणि त्याच्या घरच्यांनीच ते खायचं. दुसऱ्या कुणी तोंडात घातलं तर पाप. मलूख त्या धान्याच्या घड्यांजवळ कुणाला उभं राहू देत नसे. "आपलं पोट देवाच्या ताटावर आहे, यद्दूआ," मला म्हणायचा, "त्या ताटात परका हात नको."

त्याला एकच मुलगी, शेलोमित. बायको लवकर गेली, त्यानंच तिला वाढवलं. लग्न करून दिलं ते एका विहीर खणणाऱ्याशी, म्हणजे याजक नसलेल्या घरात. त्या दिवसापासून आमच्या धान्यावरचा तिचा हक्क संपला. पुढं लागोपाठ दोन हिवाळे कोरडे गेले. तिचा नवरा विहिरीची कड ढासळून आत गाडला गेला, आणि सासरी खायला काही उरलं नाही तेव्हा ती बापाकडं परत आली. पाच महिन्यांची गरोदर.

विधवा मुलगी बापाच्या घरी परतली, तर तिला पुन्हा बापाचं अन्न खाता येतं. पण पोटात परक्या घराचं मूल असेल तर नाही. शास्त्र तसंच आहे.

मलूखच्या घरात पवित्र सातूचे दोन घडे भरलेले होते आणि साधं धान्य मूठभरही नव्हतं. तो घडे घेऊन दारोदार हिंडला. पण याजकाशिवाय ते धान्य घेणार कोण, आणि याजकांच्या घरी तरी वेगळं काय होतं? माझ्याकडंही आला.

"अर्धा घडा साधा सातू दे, मी पूर्ण घडा देतो."

"कुठला सातू, बाबा? आमचेच वांधे आहेत," मी म्हणालो.

माझ्या बायकोच्या माहेरून आलेला साध्या सातूचा अर्धा घडा चुलीमागं झाकून ठेवलेला होता. मी त्याच्या तोंडाकडं बघून खोटं बोललो. तो मान हलवून गेला.

शेलोमित रानातला पाला उकडून खायची, जंगली शेंगा चोखायची. बाप जेवायला बसला की अंगणात जाऊन बसायची. तो हात आखडता घ्यायचा, तर तीच म्हणायची, "खा अब्बा, पाळी जवळ आलीय. उपाशी पोटी वेदी कशी चढाल?"

पाळीला निघालो तेव्हा वाटेत मलूख एकाएकी थांबला. "यद्दूआ, काल तिच्याकडं बघून माझ्या मनात आलं, ते मूल नसतं तर आज ती माझ्या शेजारी बसून जेवली असती."

"येतं तसं मनात," मी म्हणालो. चुलीमागचा घडा डोळ्यांसमोर होता; दुसरं काय बोलणार?

त्या आठवड्यात मंदिरात आम्हाला भाकर मिळाली, अर्पणाचं मांस मिळालं. ते तिथंच खायचं, बाहेर न्यायचं नाही. आम्ही खाल्लं.

परतलो, तर शेजारणी दारात उभ्या होत्या. पोटातलं मूल दोन दिवसांपूर्वीच गेलं होतं. शेलोमित भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. मलूखनं हात धुतले, घडा उघडला, सातूची पेज शिजवली आणि वाडगा तिच्यापुढं ठेवला.

"आता चालतं, पोरी."

तिनं वाडग्याकडं पाहिलं. "काय बदललं, अब्बा?"

मी उंबऱ्यातच होतो, तिथूनच मागं फिरलो. संध्याकाळी माझा घडा तिच्या दाराशी ठेवला आणि कुणी विचारायच्या आत निघून आलो.

पुढच्या पाळीला मलूख आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या याजकाकडं, अझर्याकडं गेला. मलाही बरोबर नेलं. सगळं सांगून त्यानं विचारलं, "काका, प्रायश्चित्त म्हणून मी कोणतं अर्पण आणू?"

अझर्या म्हणाला, "गाढवा, मला विचारलं का नाहीस? जीव जात असेल तर शब्बाथचा पवित्र विसावासुद्धा मोडायचा असतो. गरोदर बाईचा जीव कासावीस झाला, तर आधी तिला खाऊ घालायचं असतं, घडा कुठला ते मग बघायचं. ते पोर तुझ्या सातूवर जगलं असतं."

"मला माहीत नव्हतं."

"विचारायला यरुशलेम लांब होतं? तू त्याच आठवड्यात इथं जेवत होतास!"

मलूख भिंतीशी खाली बसला. "तुम्ही हो म्हणाल याचीच भीती होती, काका. मग गावानं म्हटलं असतं, मलूखनं स्वतःच्या मुलीसाठी वाट काढली."

"याला अर्पण नाही," अझर्या हळूच म्हणाला. "नकळत केलं त्यालाच पापार्पण असतं. जा, तिला सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटे मंदिरात धूप जाळायला कोण जाणार याची निवड होती. तो मान जन्मात एकदाच मिळतो. सगळे याजक गोल उभे राहून बोटं पुढं करतात आणि ती मोजत जाऊन एकाला निवडतात. मलूखनं हात कमरपट्ट्यात खोचले आणि गोलातून बाहेर आला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं त्यासाठी बोट पुढं केलं नाही.

अझर्या काय म्हणाला ते त्यानं शेलोमितला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"मी मागितलं असतं तर दिलं असतंत?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, पोरी."

"मलाही माहीत नाही. म्हणूनच मागितलं नाही."

दोन वर्षांनी ती एका कोळसेवाल्याशी लग्न करून डोंगरापलीकडं गेली. जाताना बापाच्या पाया पडली, पण परत कधी आली नाही. मलूख दर सणाला तिकडं चालत जायचा, नातवाला मांडीवर घ्यायचा. ती त्याला पोटभर वाढायची, आणि तो जेवत असताना बाहेर अंगणात जाऊन काहीतरी काम काढायची.