खाकी पाकिटावरचं कारण

प्रदीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या एका हॉलमध्ये हळदीचे फोटो काढत होतो. सुनीतावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... दुकानात, खुर्चीतच." मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून जिन्यात येऊन बसलो. रडू यायच्या आधी मनात जे आलं ते आज लिहूनच टाकतो, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आता ते कधीच कुणाला कळणार नाही, असं वाटलं. पंचवीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि मला पहिलं सुचलं ते हे.

घाटकोपर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली प्रदीपचं दुकान होतं. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. आमची ओळख झाली तीच भांडणातून. वर्सोव्याला एका जोडप्याचे फोटो काढताना माझा कॅमेरा भरतीच्या पाण्यात पडला होता आणि तो मी घरी नेऊन पंख्याखाली वाळवला होता. प्रदीपने तो उघडला, आतलं मीठ बघितलं आणि मला म्हणाला, "हा काय बोंबील आहे का वाळवायला?" मी कोकणातला, त्यामुळे बोंबलावरून ऐकून घेणं जड गेलं. पण कॅमेरा त्याने चालू करून दिला. पुढे कॅमेऱ्यांची दुरुस्ती कमी झाली आणि तो बिघडलेल्या मेमरी कार्डांतून हरवलेले फोटो, व्हिडिओ काढून द्यायला लागला. लोक रडत यायचे. कुणाचं लग्न गेलेलं, कुणाचे वडील. तो आधी एकच प्रश्न विचारायचा, "त्याच्यानंतर कार्डावर काही नवीन काढलंत का?" कारण नुसतं पुसलेलं परत मिळतं, त्यावर दुसरं लिहिलं गेलं की संपलं.

प्रत्येक कार्ड तो शेजारच्या केमिस्टकडून आणलेल्या गोळ्यांच्या खाकी पाकिटात ठेवायचा. वर नाव, तारीख, काय हरवलं, आणि कारण. कारणाबाबत भलताच कडक. 'पाण्यात पडलं', 'नातवाने पुसलं', 'नवऱ्याने मुद्दाम पुसलं'. कुणी आढेवेढे घेतले तर म्हणायचा, "वकील, डॉक्टर आणि मी, तिघांशी खोटं बोलायचं नाय." लोक हसायचे आणि खरं सांगून टाकायचे.

त्याची आई, सगळे तिला माय म्हणायचे, बुलढाण्याकडची. लहानपणी गावात शिकलेली भीमजयंतीची गाणी तिला तोंडपाठ होती. कुठे लिहिलेली नाहीत, दुसऱ्या कुणाला येत नाहीत. मायची तब्येत ढासळायला लागली तेव्हा प्रदीप मला म्हणाला, "दिन्या, तूच काढ तिचा व्हिडिओ. तुझ्यासमोर ती लाजत नाही." त्यासाठी त्याने नवं कोरं कार्ड आणलं, स्वतः तीनदा तपासलं आणि माझ्या हातात दिलं. एका शनिवारी दुपारी माय खिडकीपाशी बसून दोन तास गायली. मधेच थांबून मला चहा घ्यायला लावायची. उठताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

रविवारी सकाळी बोरीवलीला एक बारसं होतं. कॅमेऱ्यात कालचंच कार्ड राहिलं होतं आणि ते लॅपटॉपवर उतरवायचा मी आळस केला होता. आत्या बाळाच्या कानाशी वाकली, बायकांनी कुर्रर्र केलं, आणि पडद्यावर आलं की कार्ड वाचता येत नाही, फॉर्मॅट करू का? दुसरं कार्ड बॅगेत होतं. बॅग दारापाशी, मधे पन्नास माणसं. मी 'हो' दाबलं. मनात म्हटलं, प्रदीप आहे ना, काढेल. सगळ्या जगाला जे करू नका म्हणून तो सांगायचा, ते मी त्याच्याच भरवशावर केलं. आणि मग दुपारपर्यंत त्याच कार्डावर बाळाचे फोटो काढत राहिलो. बॅग दहा पावलांवर होती, तरी.

संध्याकाळी त्याच्यासमोर कार्ड ठेवून म्हटलं, "अरे, हे आपोआप गेलं रे." त्याने माझ्याकडे बघितलं. तो प्रश्न, जो तो सगळ्यांना विचारायचा, मला विचारला नाही. तीन महिने तो त्या कार्डाच्या मागे होता. दोन तासांतले अकरा सेकंद हाती लागले. त्यात माय पदर सावरते आणि विचारते, "काहून रे दिनू, झालं का सुरू?" गाणं नाहीच. पुन्हा गाण्याइतकी माय सावरलीच नाही, त्याच दिवसांत गेली.

त्यानंतर सात वर्षं मी त्याच्या घरी जेवलो, त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो काढले, सांगायचं म्हणून कितीदा गेलो आणि चहा पिऊन परत आलो. शेवटच्या भेटीत तर मी "प्रदीप, एक सांगायचं होतं" इथपर्यंत आलो होतो. तो हातातलं काम ठेवून थांबला... आणि मी पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते त्याबद्दल काहीतरी विचारलं. त्याने शांतपणे उत्तर दिलं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि काही दिवसांनी वहिनींनी मला दुकानात बोलावलं. लोकांची कार्डं परत करायची होती. खणात एका बाजूला माझं पाकीट होतं. त्याच्या अक्षरात : दिनेश. मायची गाणी. कारण : कार्ड खराब निघालं. जे कार्ड त्याने तीनदा तपासलं होतं ते. त्याच्या हजारो पाकिटांत एवढं एकच खोटं त्याने लिहिलं असेल, आणि तेही माझ्यासाठी. मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि वहिनींना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "माहितीये मला. कार्डात मायला शोधताना आधी सगळं ते बाळच निघालं ना. मी भांडायला निघाले होते तुमच्याशी. हे म्हणाले, नको विचारू, तो स्वतः सांगेल."

मी त्याच्या टेबलावरचं पेन घेतलं. त्याची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'दिनेशने फॉर्मॅट केलं आणि वर दुसऱ्यांचं बारसं काढलं.' वहिनींनी पाकीट हातात घेऊन नीट वाचलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

"तारीख टाका," त्या म्हणाल्या. "ते टाकायचे."