भऱ्याचा मास्टर प्लॅन

कारखाना बांधून झाला की उरलेली सळई, सिमेंटची पोती मोजून स्टोअरला परत करता येतात. उरलेले किस्से मात्र कुणी परत घेत नाही! ते आपल्याबरोबर घरी येतात. माझ्याकडे इतके साठलेत की चहाला कुणी आलं की आमचे हे आधीच बजावतात, "हिला भऱ्याचं काही विचारू नका." तुम्ही विचारलंत. आता बसा!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पिरंगुटजवळच्या भरे गावात आमच्या कंपनीचा नवा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथल्या प्लॅनिंग सेलमध्ये होते. सेल म्हणजे देशपांडे साहेब, मी आणि कॉम्प्युटर. तिघांत एसी फक्त कॉम्प्युटरला! त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे.

कारखान्याला जमीन दिलेले सोपानराव पहिल्यांदा त्या खोलीत आले. दारात चपला काढल्या, हात जोडले आणि मला विचारलं, "बाई, ह्यो नवसाला पावतो का?"

नवस तसा साधाच होता. जमीन देणाऱ्या प्रत्येक घराला नोकरी कबूल झाली होती. पण मुंबईच्या मोठ्या साहेबांनी तंबी दिली होती: दसऱ्याला पहिला माल बाहेर पडला तर ठीक, नाहीतर मशिनं गुजरातच्या कारखान्यात नेऊ. मशिनं गेली की नोकऱ्याही गेल्या.

* * *

बिल्डिंग, वीज, पाणी आणि मशिनं अशी चार खाती. प्रत्येकाचा प्लॅन वेगळा, प्रत्येकाची फ्लॉपी वेगळी. मीटिंगमध्ये जो तो छाती काढून सांगायचा, "माझं वेळेत!" आणि खरंच, एकेकट्याचा प्लॅन बघितला तर सगळे दसऱ्याच्या आत.

मग मी ते चारही एका मास्टर प्लॅनला जोडले. कुणाचं काम कुणासाठी अडलंय, त्या सगळ्या लिंक टाकल्या. कॉम्प्युटर बराच वेळ घरघरला आणि त्यानं तारीख दाखवली. होळी!

देशपांडे साहेबांचा चेहरा उतरला. "बिघडलाय हा!"

"बिघडला नाही साहेब. चौघांची आज पहिल्यांदाच ओळख झालीय!"

दुसऱ्या दिवसापासून चारही खाती एका टेबलाशी बसायला लागली. कुरकुरत का होईना, पण बसली. ती बसवली मी, हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही.

* * *

एकदा कॉम्प्युटर पुढं जायलाच तयार होईना. वीजवाले जोशी म्हणत होते, ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याला पाणी मारल्याशिवाय वीज येणार नाही. पाणीवाले गायकवाड म्हणत होते, वीज आल्याशिवाय पंप चालणार नाही. दोघंही खरंच बोलत होते!

"कॉम्प्युटर काय म्हणतो?" देशपांडे साहेबांनी विचारलं.

"लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असं म्हणतो!"

कुंपणाला लागूनच सोपानरावांची विहीर होती. डिझेल इंजिनावर चालणारी. मी तडक गेले आणि विचारलं.

"न्या की पानी! आडवतंय कोन? पर त्या तुमच्या प्लॅनमदी माजं नाव पायजे."

घातलं! मास्टर प्लॅनमध्ये ठसठशीत ओळ टाकली: सोपानराव विहीर. चौथरा झाला, वीज आली, पंप चालला. प्लॅनची प्रत मुंबईला गेली आणि महिन्याभरानं तिथून टाइप केलेलं पत्र आलं, 'मेसर्स सोपानराव विहीर' यांना. आपल्या फर्मची माहिती कळवावी म्हणून!

सोपानरावांनी ते गावभर वाचून घेतलं. "बगा," म्हणाले, "हितं घरात कुनी इचारीत न्हाई, आन् मुंबईला लई वट हाय माजी!"

* * *

ते सॉफ्टवेअर परदेशी. त्याला सुट्टी ठाऊक फक्त शनिवार-रविवारची. आमच्याकडे वीजकपातीची सुट्टी गुरुवारी. हा पठ्ठ्या वेल्डिंगची सगळी कामं नेमकी गुरुवारी टाकायचा! मी त्याला आमचं कॅलेंडर शिकवलं. गुरुवार घातला, आणि भऱ्याच्या यात्रेचा दिवसही घातला.

त्यावर मुंबईहून फोन. "यात्रा ही काय अॅक्टिव्हिटी आहे? पुढं ढकला."

"देवाला तुम्ही कळवता की मी कळवू?" मी विचारलं.

बिल्डिंगचे सुपरवायझर इक्बालभाई शेजारीच उभे होते, मूळचे पौडचे. मी फोन ठेवल्यावर हळूच म्हणाले, "बरं केलंत बाई. त्या दिवशी मी पन न्हाई. कुस्त्यांचा आखाडा माज्याकडं असतोय!"

* * *

आणि दसरा उजाडला. मशिनांना झेंडूच्या माळा, गाव दारात. पहिला माल संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला हवा तर मशिनं सकाळीच सुरू व्हायला हवीत. पण देशपांडे साहेबांनी मास्टर प्लॅनमध्ये कौतुकानं एक ओळ घातली होती: मोठ्या साहेबांचे आगमन. त्यानंतरच बटण. आणि मोठ्या साहेबांची गाडी अडकली खंडाळ्याच्या घाटात!

"थांबू या," देशपांडे साहेब घाम पुसत म्हणाले. "त्यांच्याशिवाय कसं?"

"आणि दसरा चुकला तर तेच मशिनं नेतील!"

माझं डोकं फिरलं. मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले, ती लिंक काढून टाकली आणि बाहेर येऊन सांगितलं, "प्लॅनप्रमाणे आता थांबायचं काही कारण नाही. सोपानराव, दाबा!"

त्यांनी आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. ती त्यांचीच जमीन होती. मग बटण दाबलं. मशिनं धडधडायला लागली आणि मी चक्क सगळ्यांसमोर रडले. अभिमानानं रडले, दुसरं काय!

मोठे साहेब पोचले दुपारी. आत माल पडत होता, पहिली पेटी भरतही आली होती. त्यांचा चेहरा लालबुंद. "माझ्याशिवाय सुरू केलंत? कुणी ठरवलं हे?"

देशपांडे साहेब बुटांकडे बघायला लागले. मी पुढं झाले.

"साहेब, मास्टर प्लॅन तपासला. तुमच्यावाचून काही अडत नव्हतं!"

साहेबांनी मशिनांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझ्यासाठी इथं काहीच थांबलेलं नाही?"

"थांबलंय ना साहेब. जेवण! ती लिंक मी नाही काढली!"