अंबडच्या गोदामात तैवानचे पेरू

पुण्यात आमच्या तैवानी सिनेमाच्या शोला अकरा लोक आले होते. त्यातले सात आम्हीच व्हॉलंटियर, आणि एक काका एसीसाठी. मी पूर्ण वेळ दारात उभी राहून मोजत होते, त्यामुळे आकडा पक्का आहे.

तैवानचे सिनेमे, पुस्तकं, खाणं इकडे पोचवणारी एक संस्था आहे, मी तिची व्हॉलंटियर. या वर्षी त्यांनी स्कीम काढली: छोट्या गावात जाऊन तीच फिल्म दाखवा, निदान तीस प्रेक्षकांचे फॉर्म भरून आणा, आणि सगळ्यात भारी शो करणाऱ्याला दहा दिवस तैपेई, फुकट. मला तैपेई इतकं हवं होतं की फोनवर तिथलं हवामान आधीच लावून ठेवलेलं. आई म्हणाली, "अंबडच्या मामाला फोन कर. तो रिकाम्या पोत्यांनाही टाळ्या वाजवायला लावेल."

मामाचं अंबडला खतं-बियाणांचं दुकान आहे. तो म्हणाला, "माणसांचं माझ्याकडं लागलं. तू फक्त पिक्चर आण."

जायचं असेल तर पुण्याहून सकाळी लवकरची बस घ्या, दुपारी जालन्यात पोचता. तिथून अंबडची लालपरी, साधारण तासाभराचा रस्ता, बायकांना अर्धं तिकीट. मी मधे जुन्या जालन्यात थांबले, कारण पडदा घ्यायचा होता. कापडाच्या दुकानात "पाच मीटर पांढरं" म्हटल्यावर दुकानदारानं आवाज एकदम खाली आणला.

"बुजुर्ग होते का?"

"कोण?"

"ज्यांच्यासाठी न्यायचंय ते."

"नाही हो काका, सिनेमा दाखवायचाय."

"मंग आधी सांगायचं ना ताई, मी कफनाचा भाव लावला व्हता," असं म्हणून त्यांनी वीस रुपये वाढवले.

अंबडला पोचल्यावर मी संस्कृतीपासून सुरुवात केली. तैवानचा बबल टी म्हणजे गार चहात टॅपिओकाच्या गोळ्या. त्या मिळाल्या नाहीत म्हणून मोठा साबुदाणा शिजवला. मामीनं ग्लासात डोकावून बघितलं. "आज कोणता उपास हाय गं?" उपास नाही म्हटल्यावर तिनं तो साबुदाणा चहातून गाळून घेतला, जिरे-मिरची घालून परतला आणि मलाच वाढला. खरं सांगते, छान झाला होता. ज्वारीची भाकरी आणि तिची शेंगदाण्याची चटणी मात्र चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी चारचा शो. मामानं गोदामाचं शटर अर्धं पाडून अंधार केला, खताच्या पोत्यांच्या रांगा लावल्या, आणि चारच्या आधीच चाळीस माणसं बसलेली. मला भरून आलं. मग एकाच्या फोनवर मामाचा मेसेज दिसला: "तैवानची पेरूबाग थेट पडद्यावर. मार्गदर्शन: कु. सानिका, पुणे."

आपल्याकडे तैवान म्हटलं की बागायतदाराला पेरूची जात आठवते, हे मला त्या गोदामात कळलं. मी मामाला बाजूला घेतलं. "मामा, ही बाप-लेकीची गोष्ट आहे."

"बाग हाय का न्हाई त्याच्यात?"

"आहे. एका सीनमध्ये."

"मंग? मी खोटं काय बोललो?"

शाल, श्रीफळ, माझा सत्कार. लगेच एकानं पेरूवरच्या मिलीबग किडीबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्यावर आपण शेवटी चर्चा करू.

फिल्म अशी: एक म्हातारा बाप, त्याची पेरूची बाग, मुलगी तैपेईला नोकरीला गेलेली. पहिली वीस मिनिटं तो नूडल्स खातो. गोदामात जांभया सुरू झाल्या. मग बाप बागेत गेला आणि एकेका फळाला पिशवी बांधायला लागला. चाळीसच्या चाळीस माणसं ताठ झाली.

"थांबव, थांबव." दगडूबा काका, पहिल्या रांगेत, सगळ्यांत मोठी बाग त्यांची. "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं.

"बघा, आधी जाळी, मंग पिशवी."

"आन् झाड कमरेएवढंच ठिवलंय राव. शिडी लागतच न्हाई त्याला."

मी माईक घेतला. "इथे दिग्दर्शकानं शांततेतून बापाचं एकटेपण दाखवलंय."

"एकटा कुठं हाय, ताई? त्याच्या मागं चार माणसं छाटणी करून राह्यली. जरा मोठं करून दाखव."

तो सीन आम्ही नऊ वेळा पाहिला. पुण्यात आम्ही स्लो सिनेमावर सेमिनार घेतला होता, पण एका शॉटकडे इतकं बारकाईनं बघणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. सहा वाजता सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. शेतातली थ्री फेज लाईट आली होती, मोटारी चालू करायच्या होत्या. पाच मिनिटांत गोदाम रिकामं. मामानं दारातच फॉर्म वाटले, लोकांनी गाडीच्या टाकीवर ठेवून भरून दिले. फिल्म अर्ध्यावर थांबलेली, पडद्यावर पेरू.

फॉर्म छत्तीस. "कोणता क्षण मनाला भिडला?" यावर जवळपास सगळे: पिशवी बांधतानाचा. "तैवानला जायला आवडेल का?" यावर एक: बहार धरायच्या टायमाला. दुसरा: खर्चा कोणाचा?

पुण्यात परत आले. मामानं दिलेल्या पेरूंनी सगळी सॅक घमघमत होती. फॉर्म अपलोड केले, शेवटचा प्रश्न राहिला: किती प्रेक्षकांनी चित्रपट पूर्ण पाहिला? मी छत्तीस टाइप केलं. गोदामात कोण बघायला जाणार होतं? तेवढ्यात दगडूबा काकांचा फोन. नंबर मामानं दिलेला.

"ताई, ती पोरगी आली का शेवटी घरी?"

 मलाच माहीत नव्हतं. पुण्यात मी दारात माणसं मोजत होते, आणि घरी दोनदा लावली तेव्हा नूडल्सच्या पुढे मला दोन्ही वेळा झोप लागली होती. इंट्रो मी माहितीपत्रकावरून पाठ केला होता.

"बघून सांगते, काका," म्हटलं, आणि पहिल्यांदा ती फिल्म शेवटपर्यंत बघितली. मग फोन लावला.

"आली, काका. पण बाप बाजाराला गेलेला. दाराला कुलूप."

"मंग?"

"तिथंच संपला पिक्चर."

 काकांच्या मागे मोटारीचा आवाज येत होता.

"बसली असंल," ते म्हणाले. "ओट्यावर बसली असंल. बागेत पेरू व्हते की पिकलेले."

फोन ठेवला. छत्तीस खोडलं, "एक" लिहिलं, कंसात "मीच, पुण्यात परत आल्यावर", आणि पाठवून दिलं. तैपेईचं हवामान अजून फोनवर आहे. त्याच्या खाली आता अंबड पण लावलंय.