अकोल्याचा सूर्यास्त

एआय असिस्टंट कोड फार छान वाचतो. पण वाचतो म्हणजे नुसता वाचतो, चालवून बघत नाही. प्रोग्राम डोळ्यांखालून घालतो आणि चूक इथे असावी असं सांगतो, तेही इतक्या ठामपणे की माणसाला खरंच वाटावं. मला तरी वाटलं. कारण मला तेच ऐकायचं होतं.

अमरावतीत माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे. पूर्वी आम्ही दोघं होतो. दुसरा माझा मित्र, मूळ अकोल्याचा. मी लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका जुळवायचो, तो पायथनमध्ये छोटे प्रोग्राम लिहायचा. एका वर्षी रमजानच्या आधी त्याने एक प्रोग्राम लिहिला. गावाचे अक्षांश-रेखांश दिले की महिनाभराच्या सहेरीच्या आणि इफ्तारच्या वेळा निघायच्या. अमरावतीसाठी एक कार्ड, अकोल्यातल्या त्याच्या मोहल्ल्यासाठी दुसरं. गावांच्या फायलींत हे आकडे भरायचं काम माझ्याकडे होतं.

कार्डं वाटली गेली. मोहल्ल्यातली मशीदही त्याच वेळांवर चालू लागली. अर्धा महिना उलटला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की पलीकडच्या मशिदीची अजान रोज आपल्यानंतर होते. ताळा घेतला, तर आमच्या कार्डावर सगळे दोन-तीन मिनिटं आधीच रोजा सोडत होते. बाहेरच्याला ही मिनिटं किरकोळ वाटतील. पण ज्याने पहाटेपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही, त्याच्यासाठी सूर्य बुडायच्या आधी सोडलेला रोजा म्हणजे मोडलेला रोजा.

मोहल्ल्यातली दोन वडीलधारी माणसं अकोल्याहून दुकानात आली. ओरडली नाहीत. "कुठं चुकलं, ते तरी सांगा," एवढंच म्हणाली.

"प्रोग्राममध्येच काहीतरी असेल," मी म्हणालो.

मित्र माझ्या शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली आणि माफी मागितली.

ईद झाल्यावर त्याच्या घरच्यांनी ते सगळे रोजे पुन्हा ठेवले. त्याच्या अम्मीनेसुद्धा. तो अकोल्याला परतला, मामाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसला आणि पुन्हा त्याने एकही प्रोग्राम लिहिला नाही. ईदला, दिवाळीला फोन व्हायचा. तब्येत, पाऊसपाणी, बरं ठेवतो मग.

अकोल्याची फाईल मला केव्हाही उघडून पाहता आली असती. पाहिली नाही. अमरावतीचीच फाईल कॉपी करून वरचं नाव बदलल्याचं पुसट आठवत होतं. एवढ्याशा अंतरात काय फरक पडतो, आकडे नंतर टाकू, असं म्हटल्याचंही. टाकले की नाही, ते आठवत नव्हतं. आठवू दिलं नाही, असं म्हणा.

यंदा दुकानातला जुना कॉम्प्युटर काढून टाकला. त्यातलं सामान हलवताना तो फोल्डर निघाला. मी असिस्टंटला प्रोग्राम दाखवून विचारलं, अकोल्याच्या वेळा का चुकल्या असतील? तो म्हणाला, मिनिटांचा पूर्णांक करताना प्रोग्राममध्ये गडबड होत असावी.

मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. मी चहा मागवला आणि निवांत प्यायलो.

काही दिवसांनी एका शाळेच्या गुणपत्रिकांसाठी मी असिस्टंटला पायथनच्या इंटरप्रिटरशी, म्हणजे कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या यंत्रणेशी, जोडून दिलं. काम अवघड नाही, सेटिंगच्या फाईलमध्ये चार ओळी टाकायच्या. मग तो कोड लिहून इंटरप्रिटरकडे देतो, काय निघालं ते स्वतः पाहतो आणि चुकलं तर सुधारतो. अंदाजावर भागवावं लागत नाही. गुणपत्रिका झाल्या. तो फोल्डर तिथेच होता. उघडू नये असं फार वाटलं. मग मी लिहिलं, हा चालवून बघ.

प्रोग्राम जुन्या पायथनमधला, त्यामुळे आधी त्याला काही ओळी बदलाव्या लागल्या. मग त्याने अमरावती चालवली, अकोला चालवलं. दोन्हींच्या वेळा तंतोतंत एक. त्याने फायली उघडल्या, अकोल्याचे अक्षांश-रेखांश दुरुस्त केले, पुन्हा चालवलं आणि लिहिलं, "माझा आधीचा अंदाज चुकीचा होता. प्रोग्राम बरोबर आहे. अकोल्याच्या फाईलमध्ये अमरावतीचे अक्षांश-रेखांश आहेत. अकोला पश्चिमेला आहे, तिथे सूर्य दोन-तीन मिनिटं उशिरा बुडतो."

किती सहज म्हणाला तो.

रविवारी लॅपटॉप घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. मित्राने दार उघडलं.

"काय बे, रस्ता चुकला का? अन् पोट पाह्य किती सुटलं! अमरावतीत कामं नाही राह्यले वाटते."

बाहेरच्या खोलीत बसलो. पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. प्रोग्राम त्याच्यासमोर चालवला. आधी चुकीच्या आकड्यांवर, मग बरोबर.

त्याने चष्मा लावून दोन्ही उत्तरं पाहिली.

"तुले तवाच समजलं होतं?"

"पक्कं नव्हतं. वाटत होतं."

"मंग एकडाव बी चालवून काहून नाही पाह्यलं?"

"भेव वाटला."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. तो पडद्याकडे पाहतच म्हणाला, "अम्मीले तूच सांग. मी नाही सांगत."

अम्मी आत पोळ्या लाटत होत्या. मी ओट्याशी उभा राहून सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"रोजे तो हमने फिर रख लिए थे, बेटा. वो हो गए." तव्यावरची पोळी त्यांनी उलटली. "मगर ये तब से घडी नहीं पहनता. देखा तूने?"

मी पाहिलं नव्हतं. एवढा वेळ त्याच्यासमोर बसून पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. त्यांनी पिठाच्या हातानेच माझा खांदा दाबला आणि मला खाली बसवलं. माफ केलं, असं त्या घरात कुणी म्हणालं नाही. मीही ते वदवून घेतलं नाही.

ताटं वाढली. अम्मींनी मित्राला हाक मारली, पुन्हा मारली. तो येईना. बाहेरच्या खोलीतून लॅपटॉपच्या बटणांचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता.

"अबे," तो तिथूनच ओरडला, "किती येड्यावानी लिहिलं होतं मी हे! थांब, नीट करून राहिलो."

अम्मींनी माझं ताट पुढे सरकवलं.

"तू खा. वो अब वहाँ से जल्दी नहीं उठेगा."