जाऊदे नावाचा फ्रेंच माणूस

कपिल खोब्रागडेला तुम्ही पाहिलं असतं, तर हा माणूस चार देशांतल्या लोकांना नाचवतो यावर तुमचा काडीचाही विश्वास बसला नसता. नागपूरच्या इंदोऱ्यातला, चष्मेवाला, बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करणारा. स्वतःच्या लग्नात मित्रांनी ओढलं तरी नाचला नव्हता. २००३ साली टोरोंटोजवळच्या वॉटर्लूला शिकायला आला, दोन वर्षांनी नॉर्थ यॉर्कच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला चिकटला, आणि रिचमंड हिलला एका बेसमेंटमध्ये भाड्यानं राहू लागला.

पण वॉटर्लूला असताना कॉलेजच्या रेडिओवर रविवारी दुपारी रेकॉर्डी लावायचं काम त्यानं हौसेनं घेतलं होतं. तिथं फ्रेंच हाउस नावाचं नाचायचं संगीत त्याच्या कानावर पडलं आणि वेड लागलं ते लागलंच. भानगड तशी साधी. जुन्या डिस्को गाण्याचा दोन सेकंदांचा तुकडा घ्यायचा, तोच फिरवत राहायचा आणि खाली एकसारखा ठोका. आधी सगळं इतकं दाबून ठेवायचं, की शेजारच्या घरात गाणं चालू आहे असं वाटावं. मग हळूहळू दार उघडत न्यायचं. ते दार कधी आणि किती उघडायचं, सगळी कला तिथंच. कपिलला ते बरोबर कळायचं. कुठून कळायचं, कोण जाणे.

शनिवारी सकाळी तो कॉम्प्युटरशी बसायचा. घरमालकिणीचा ड्रायर त्याच वेळी शेजारी गडगडत असायचा, त्यामुळे ह्याचा ठोका कुणाला खटकायचा नाही.

२००७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्याची बायको धम्मप्रिया नागपुरात फार्मसिस्ट होती. इथं येऊन तिला वर्ष झालं होतं. त्या सकाळी पत्र आलं, की तिची पदवी इथं धरली जाणार नाही, परीक्षा पहिल्यापासून द्याव्या लागतील. कपिल नवा माईक लावून बघत होता. ती पत्र घेऊन त्याच्यामागे उभी राहिली, दोनदा वाचलं, आणि म्हणाली, "जाऊ दे नं."

रडली नाही, काही नाही. पण आवाजात असं काही होतं, की कपिल जागच्या जागी थिजला. माईक चालूच होता. आणि बघा माणूस कसा असतो! बायकोचं सांत्वन करायचं सोडून ह्यानं आधी ते सेव्ह केलं.

दोन आठवड्यांनी त्यानं तिला गाणं ऐकवलं. ठोक्यावर तिचेच तीन शब्द, आधी भिंतीपलीकडून आल्यासारखे, मग जवळ, मग अगदी कानाशी. धम्मप्रिया धुतलेले कपडे हातात धरून ऐकत राहिली. आपल्यातलं कोणी ऐकेल का, एवढंच तिनं विचारलं. असली गाणी वाजतात त्या क्लबात आपली माणसं जात नाहीत, असं कपिल म्हणाला. मग ठेव, म्हणाली.

मॉन्ट्रियलमध्ये लूक नावाचा एक जण सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून रेकॉर्डी काढायचा. कपिलनं त्याला गाणं पाठवलं. त्यानं तीनशे प्रती काढल्या आणि वर कलाकाराचं नाव काय लिहायचं म्हणून जे ऐकू आलं तेच फ्रेंच वळणानं लिहिलं, शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ देऊन. झालं! इंदोऱ्याच्या सुनेचा उसासा एका फ्रेंच माणसाचं नाव होऊन बसला. लोक विचारू लागले, हा जाऊदे कोण? कुठला?

कपिल एकदा टोरोंटोच्या एका क्लबात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. समोर तीनशे तोंडं त्याच्या बायकोचे शब्द म्हणत होती आणि एकालाही अर्थ ठाऊक नव्हता. आनंद व्हायला हवा होता. तो मात्र एकेक चेहरा न्याहाळू लागला, ह्यात एखादा जरी मराठी पोरगा असला तर?

भीती उगाच नव्हती. राजन नावाच्या सहकाऱ्याला नुकताच पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, मिळाला होता. त्यानं जेवताना सहज सांगितलं होतं, की आपलं परमिट एकाच कंपनीच्या कामाचं असतं. बाहेर दुसरं काम केलेलं सापडलं तर पीआरची फाइल गेली म्हणून समज. कपिलनं डबा अर्धाच झाकून ठेवला. त्यानं लूकला फोन करून सगळं सांगितलं आणि आपलं नाव कुठंही नको म्हणून विनवलं. लूकनं लगेच दोन पानी कागद पाठवला. संगीत लूकचं, आवाजावर हक्क लूकचा, इतर कुणाचा काही संबंध नाही. कपिलनं सही केली. "एवढं लागते का?" असं धम्मप्रियानं विचारलं, तर पीआर येईपर्यंतच, असं सांगून तिचीही घेतली. आणि पीआरच्या फॉर्मवर दुसरं काम केलं आहे का, या प्रश्नापुढे "नाही" लिहिलं. मला विचाराल, तर तेव्हा कुणीतरी त्याच्या कानाखाली एक वाजवायला हवी होती.

पुढच्या दीड वर्षात त्यानं आणखी अकरा गाणी केली. सगळी जाऊदेच्या नावानं गेली.

२००९ मध्ये पीआर आला. पुढच्या हिवाळ्यात ते पहिलं गाणं एका फोनच्या जाहिरातीत वाजू लागलं, हॉकीच्या मध्यंतरात, घराघरांत. लूक चंदेरी मुखवटा घालून स्टेजवर उभा राहू लागला. जाऊदे हे आपल्या आजीचं माहेरचं आडनाव, असं त्यानं मुलाखतीत सांगितलं. कपिलनं ते ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि त्याच शनिवारी मॉन्ट्रियल गाठलं.

लूकनं प्रेमानं कॉफी पाजली. आवाज चढवला नाही की काही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाणं तुझं आहे असं तू जगाला सांग. मी अडवणार नाही. पण मग सरकारला काय लिहून दिलं होतंस, तेही लोक विचारतील."

परतीच्या बसमध्ये कपिलला थंडी वाजत राहिली. त्यानंतर दारात पाकीट पडलं, की तो आधी कुणाचा शिक्का आहे ते बघायचा. रेडिओ लागला की उठून बंद करायचा. शनिवारी कॉम्प्युटरपाशी बसणं सुटलं. धम्मप्रिया त्याला काही विचारत नसे, आणि तेच त्याला जास्त लागायचं. सिटिझनशिपचा अर्ज भरून झाला होता. आता थोडेच दिवस, असं तो स्वतःला सांगायचा. कशाला थोडेच दिवस, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

२०१२ च्या एप्रिलमध्ये इथल्या आपल्या लोकांच्या असोसिएशननं भीमजयंतीला हॉल घेतला. कपिलची आई कांताबाई सहा महिन्यांसाठी आलेली होती. पहिल्या रांगेत पांढरी साडी नेसून बसली होती. कार्यक्रमाला तासभर होता. सेक्रेटरी मिलिंदची मुलगी स्पीकर तपासत होती. तिनं फोन जोडला आणि गाणं लावलं. आधी भिंतीपलीकडून आल्यासारखं, मग जवळ.

कपिलच्या हातात खुर्ची होती. ती त्याला खाली ठेवता येईना.

कांताबाईनं मान वर केली. भर हॉलमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा तं आपल्या धम्माचा आवाज आहे. जाऊ दे नं म्हणून राहिली ते."

मांडामांड करणारे पन्नास जण थांबले. पाच वर्षांत, अख्ख्या जगात, पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं होतं. हेच ऐकायला तो झुरत होता. लोक त्याच्याकडे बघत होते, मिलिंद बघत होता, ऑफिसातला राजनही तिथंच होता.

"नाही आई," कपिल म्हणाला, "फ्रेंच आहे ते."

कांताबाईनं सुनेकडे पाहिलं. धम्मप्रियानं नवऱ्याकडे पाहिलं. मग तीही म्हणाली, "हो आई. फ्रेंचच आहे."

मिलिंदची मुलगी हसून म्हणाली, "आज्जी, इट्स अ लास्ट नेम." बाकीचेही हसले आणि खुर्च्या मांडू लागले. म्हातारी ओशाळली. संध्याकाळी तिला घेऊन ते घरी आले. जेवण झाल्यावर तिनं कपिलला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, की कानाचं काहीतरी बिघडलं वाटते बाबू, घरच्या माणसाचा आवाज कळेना झाला, इथं चांगला डॉक्टर असेल तर दाखवून दे.

कपिलनं दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून फोन करून तिची अपॉइंटमेंट घेतली.