फक्कीची रिंगणं

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की दौंडच्या खालच्या अंगाला भीमेचा काठ लांबवर उघडा पडतो. गाळात कोणी काकडी, कलिंगडं लावतं. उरलेल्या वाळूत नदीसुरय अंडी घालतात. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा हा पक्षी घरटं असं बांधतच नाही. टाचेनं उकरावा तेवढा खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची दोन-तीन अंडी.

बी.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या जीप सफारीवर गाइड म्हणून लागले. घरातली पहिली पदवीधर, आणि गावापासून हाकेवर नोकरी. मला त्याचं फार अप्रूप होतं.

जीप आप्पा चालवायचे. आधी गावातून दौंडला त्यांची वडाप होती, माणसामागं भाडं घेणारी जीप. तीन वर्षं मी तिच्यातून कॉलेजला गेले. पुढच्या सीटवर ते मुलींशिवाय कोणाला बसू देत नसत, आणि त्या एका सीटच्या भरवशावर घरच्यांनी मला शिकू दिलं. वय झाल्यावर वडाप विकून ते सफारीवर आले. दुसरं काम त्यांना आता कोणी देणार नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. अंडी पडायच्या आधीच ते वाळूत जीपची एक चाकोरी पाडत आणि पावसाळ्यापर्यंत चाक तिच्याबाहेर घालत नसत. पक्षी ती जागा सोडून बसत. त्यामुळे एकही अंडं फुटत नसे. पण पक्षी लांब राहत आणि मोठ्या लेन्सवाले पाहुणे कुरकुरत.

सफारीचे मालक दादा. गावातले मोठे बागायतदार, सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा. एका सकाळी पाहुण्यांच्या चहात ते म्हणाले, "आमच्या आप्पाला रेल्वेत लावायला पायजे हुतं. दौंडला विंजिनावर बसवला असता तर आज पेन्शन खात बसला असता. रूळ सोडायचं नावच न्हाई."

पाहुणे हसले. आप्पाही हसले. पाहुणे उठून गेल्यावर दादांनी आवाज न चढवता सांगितलं, "आता एक तक्रार आली की किल्ली टेबलावर ठिवायची, आप्पा."

आप्पांची किल्ली वाचावी म्हणून मी उपाय काढला. शाळेतून मैदान आखायची फक्की आणली, दोन दिवस पहाटे पायी हिंडून एकेक खळगा शोधला आणि भोवती पांढरं रिंगण काढलं. रिंगणं चुकवत जीप पक्ष्यांच्या जवळ नेता येईल, अंडीही वाचतील. माझ्या वहीत तसा नकाशाही होता.

आप्पा रिंगणांकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"आपल्याला दिसतंय तसं कावळ्याला बी दिसल की, पोरी."

"कावळ्याला फक्कीचा अर्थ कसा कळेल, आप्पा?"

"न्हाई कळत?"

"नाही."

"तू शिकलीयास. तू म्हणतीस तर घालतो गाडी."

दोन दिवस सगळं मनासारखं झालं. जीप दहा हातांवर जाऊन थांबायची, पाहुणे खूष. दादा मला 'मॅडम' म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी जीप थांबली, पक्षी नेहमीसारखे ओरडत वर उठले आणि पाच-सहा कावळे वाळूत उतरले. त्यांना शोधावं लागलं नाही. कावळा चालत रिंगणात जायचा, अंडं फोडायचा, चोच वाळूला पुसायचा आणि पुढच्या रिंगणाकडे चालू लागायचा. एरवी सुरय कावळ्यावर तुटून पडतात. पण मध्ये आमची जीप उभी होती, आणि ते वरच्या वर घिरट्या घालत राहिले.

मी खाली उडी मारली. मागून एक पाहुणे म्हणाले, "मॅडम, बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

आप्पांनी जीप मागे घेतली तोवर जवळची सगळी रिंगणं रिकामी झाली होती. लांबची पुढच्या चार दिवसांत गेली. जीप नेली नाही तरी गेली. कावळ्यांना आता खूण पाठ झाली होती. मी पायानं फक्की पुसत हिंडले, तर माझ्या मागे मागे कावळे.

पाहुण्यांनी काढलेला व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. दरवर्षी पुण्याहून येणारे दोन पक्षीमित्र जाब विचारायला आले. दादांनी त्यांच्यासमोर मला आणि आप्पांना शेडमध्ये बोलावलं.

"चाकोरी कुणी सोडली?" दादांनी विचारलं.

"गाडी आप्पा चालवत होते," मी म्हणाले.

"आन् ही फक्की?"

आप्पांनी थोडा वेळ वाट बघितली. कशाची, ते मला कळत होतं. मी चहाच्या कपाकडे बघत राहिले. मला वाटत होतं, माझं नाव आलं तर घरात पुन्हा कोणी मुलीला शिकवणार नाही. निदान तेव्हा मी स्वतःला हेच सांगितलं.

"ड्रायव्हरला काय अक्कल असती व्हय," दादा पक्षीमित्रांना म्हणाले.

आप्पांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

ते दोघं गेल्यावर दादा माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्याकडं लायसन हाय ना? मग गाइड बी तुम्हीच, ड्रायव्हर बी तुम्हीच."

माझ्याकडे लायसन्स होतं, गाडी येत नव्हती. तसं मी सांगितलं.

"आप्पा, हिला शिकवा आन् मग जावा. तवर पगार चालू."

आप्पांनी मला शिकवलं. एका शब्दानं टोचलं नाही. क्लच सोडताना गाडी बंद पडली की म्हणायचे, "व्हतंय, परत." वाळूत चाक रुतलं तर काय करायचं, ओल्या गाळाचा रंग कसा ओळखायचा, म्हातारी माणसं मागे बसली असतील तर ब्रेक कसा दाबायचा, सगळं सांगितलं. मी रोज ठरवून जायचे की आज बोलेन. रोज स्टिअरिंग धरलं की रस्त्याकडेच बघत राहायचे.

आठव्या दिवशी दादा बांधावर येऊन उभे राहिले. मी चढाला जीप थांबवली आणि पुन्हा उचलली. ती हातभर मागे घसरली. "अजून कच्ची आहे" एवढं आप्पांनी म्हटलं असतं, तर दादांनी त्यांना आणखी आठ दिवस ठेवलं असतं. त्यांनी तसं म्हणावं, असं मला फार वाटत होतं.

"काय आप्पा, जमतंय का हिला?" दादांनी विचारलं.

आप्पा खाली उतरले, दार नीट लावलं आणि म्हणाले, "जमतंय."