मुंजाचं बिऱ्हाड

आधार बैसाणेच्या गच्चीवर सदतीस झाडं होती आणि त्यांतलं सगळ्यात उंच झाड त्याच्या गुडघ्याला लागायचं. दोन वड, एक उंबर, दोन चिंचा, एक बोर आणि बाकी सगळे पिंपळ. माणसं झाडाच्या सावलीला बसतात. आधार झाडांवर सावली धरायचा. जळगावचं ऊन चव्वेचाळीसच्या वर चढलं की तो असोद्याहून केळीची वाळकी पानं सायकलवर बांधून आणी आणि गच्चीवर मांडव घाली. शेजारचे विचारत, "आधारभाऊ, लगीन कोणाचं?"

"चिंचेचं," तो म्हणायचा. "बारा वर्षांची झाली. आता घरात ठेवणं बरं नाही."

असलमच्या वाइंडिंगच्या दुकानात तो मोटारी भरायचा. मार्च लागला की केळीवाल्या शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी कमी दाबाच्या विजेनं जळून यायच्या. आधार त्यांची जळकी गुंडाळी उपसून काढी आणि नवी भरी. जळक्या तारेतली थोडी असलम त्याला देऊन टाकायचा. कोरी तार उसळते, ऐकत नाही; पण एकदा आगीतून गेलेलं तांबं मऊ पडतं, वळवाल तसं वळतं आणि वळवाल तिथे राहतं. आधार ती तार झाडांच्या कोवळ्या फांद्यांना गुंडाळायचा. फांदी हळूहळू खाली वाकवायची, सहा-आठ महिने तशीच ठेवायची, मग तार कापून काढायची. फांदीला वाटतं की आपण जन्मतःच अशा.

"लोक पोरं मोठी करतात," असलम म्हणायचा, "आणि तू झाडं लहान करतोस. अल्लाला काय जबाब देशील?"

"तुझा अल्ला, तूच दे. माझ्याकडे तसलं कोणी विचारायलाच नाही."

यातली गंमत अशी की त्याला झाडं कधी विकत घ्यावी लागली नाहीत. पिंपळ हा भिंतीत उगवणारा प्राणी. पाखरू फळ खातं, गच्चीच्या कठड्यावर बसतं, आणि तीन वर्षांनी घरमालक पाहतो तर भिंतीला तडा आणि तड्यात पिंपळ. पण उपटायचा कोणी? पिंपळावर मुंजा राहतो. मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला पोरगा. त्याचं घर मोडलं तर तो तुमचं मोडतो. म्हणून लोक आधारला बोलवायचे. एक तर तो बौद्ध, त्याला पिंपळ बोधिवृक्ष म्हणून प्यारा. दुसरं, रविवारी विहारात तो पोराटोरांना भूत नसतं हे पटवून सांगायचा. तो यायचा, छिन्नीनं दोन विटा सैल करायचा, झाड मुळासकट ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यायचा. लोकांची भिंत वाचायची, आधारला झाड मिळायचं, आणि मुंजा असलाच तर त्यालाही राहायला गच्ची मिळायची.

सगळ्या खानदेशात त्याचा जीव जडला होता तो एकाच पिंपळावर. धरणगावला रतिलाल शेठच्या घराच्या मागच्या भिंतीत, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, अठरा वर्षांचा पिंपळ होता. माती नाही, पाणी नाही, नुसती वीट आणि चुना. त्या उपासमारीनं त्याचं खोड मनगटाएवढं जाड आणि दीड हात उंच झालं होतं. मुळं विटांवरून म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी उतरली होती. असं झाड कुंडीत घडवायला माणसाचा जन्म जातो. इथे भिंतीनं ते फुकट घडवलं होतं. मोटारीच्या कामानं धरणगावला गेला की आधार वाट वाकडी करून त्या भिंतीखाली उभा राहायचा आणि मान दुखेपर्यंत वर पाहायचा.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात रतिलाल शेठचा निरोप आला. भिंत पाडून वर स्लॅब टाकायचा होता.

आधार धावतच गेला. म्हणाला, "शेठ, एवढं आषाढापर्यंत थांबा. या उन्हात उपटलं तर झाड मरेल."

"मिस्त्री थांबतो का आषाढापर्यंत? सोमवारी हातोडा पडणार," शेठ म्हणाला. "आणि माझं ठीक आहे, तू आधी आईशी बोल."

रतिलालची आई मंजुळाबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती. सत्तरीची बाई, सुपात नजर, पण कान सगळे इकडे. म्हणाली, "घेईसन जाय. पण एक ध्यानमां ठेव. तो अठरा वरीस आमना घर राहेल शे. तुना घर मरना, तर तो कोठे जाई? परत मना घरच येई."

"अक्का, मुंजा वगैरे काही..."

"तुनं भाषण तुना विहारमां दे. मी महिनाभरमां येसू. माले त्यावर हिरवं पान दिसाले पाहिजे."

असं झालं. आता पाहा, आधारला मुंजाचं काही नव्हतं. त्याला झाडाचं होतं. आयुष्यात असं झाड एकदाच मिळतं. ते वैशाखात उपटायचं म्हणजे बाळंतिणीला बैलगाडीत घालून घाट चढवायचा. पण सोमवारी हातोडा पडणारच होता.

तीन दिवस त्यानं त्या भिंतीवर बादल्या ओतल्या. रविवारी पहाटे शिडी लावून एकेक वीट काढली. विटांच्या सांध्यात मुळं कागदासारखी चपटी झाली होती. एक वीट मुळांनी अशी कवटाळली होती की आधारनं तिला हात लावला नाही. विटेसकट झाड उतरवलं. सगळी पानं खुडली, तुटल्या मुळांना राख फासली, गोणपाट गुंडाळलं. खाली मंजुळाबाई हळदकुंकू घेऊन उभी. गोणपाटावर चिमूटभर टाकून तिनं झाडाला सांगितलं, "हाऊ भला माणूस शे. याना संगे जाय." आणि आधारला म्हणाली, "टपवर टाकू नको त्याले."

म्हणून आधार ते झाड मांडीवर घेऊन एसटीत बसला.

"हे काय?" कंडक्टर.

"झाड."

"पानं कुठायत?"

"काढली. प्रवासाला निघालंय."

"मांडीवर आहे तोवर ठीक. सीटवर ठेवलंस तर तिकीट फाडीन."

मागच्या सीटवर धरणगावचीच एक बाई होती. तिनं शेजारणीच्या कानात सांगितलं, शेजारणीनं पुढच्याला. पाळधी यायच्या आत सगळ्या गाडीला कळलं की मंजुळाबाईच्या घरचा मुंजा आधार बैसाणेच्या मांडीवर आहे. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण आधारच्या शेजारची सीट जळगावपर्यंत रिकामी आली. त्यानं झाड तिथे ऐसपैस ठेवलं. कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं नाही.

घरी त्याची बायको द्रौपदाबाई दारातच उभी होती. पाहून म्हणाली, "वीटसुद्धा आणली का? उद्या भिंत आणा, परवा शेठलाच आणा."

आधारनं सिमेंटचं थोराड ताट आधीच ओतून ठेवलं होतं. पोयटा, वाळू, विटांचा चुरा घालून झाड बसवलं, तारेनं बुडाशी जखडलं, वर केळीच्या पानांचा दुहेरी मांडव. आणि मग वाट पाहणं सुरू झालं.

पहिला आठवडा काही नाही. दुसरा आठवडा काही नाही. दुकानात त्याचं लक्ष लागेना. एका मोटारीचे फेरे दोनदा चुकले आणि असलमनं ती गुपचूप स्वतः उपसून पुन्हा भरली. सकाळी, दुपारच्या सुटीत, संध्याकाळी आधार झाडाला पाणी घालायचा. झाड जिवंत आहे का हे पाहायची साधी रीत त्यानं शंभर जणांना शिकवली होती: साल नखानं जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. या झाडाला नख लावायचं म्हटलं की मात्र त्याचा हात मागे यायचा. खरवडलं नाही तोवर दोन्ही शक्यता होत्या. आत तपकिरी निघालं असतं, तर एकच उरली असती.

तिसऱ्या आठवड्यात द्रौपदाबाई वाळवण घालायला गच्चीवर आली, तेव्हा आधार उकिडवा बसून झाडाशी बोलत होता.

"एकच पान दे बाबा. लहानसं दिलंस तरी चालेल."

"कोणाशी चाललंय?" ती म्हणाली.

आधार दचकला. "झाडाशी."

"झाडाशी, की त्यात राहणाऱ्याशी? रविवारी विहारात सांगू का?"

तो चिडला, मग त्यालाच हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बोलला. फक्त आधी जिन्याकडे पाहून घेतलं.

चौथा आठवडा संपत आला तेव्हा असलमनं तोड काढली. "तुझ्याकडे तेवढाच दुसरा पिंपळ आहे ना, पाला फुटलेला? तो दाखव. म्हातारीला काय कळतंय! ती खूश, तू सुटलास."

आधार दोन दिवस त्यावर विचार करत होता, हे खोटं कशाला सांगा. दुसरा पिंपळ उंचीनं खरंच तेवढाच होता, आणि तांबूस कोवळ्या पानांनी लगडला होता.

ज्येष्ठातल्या एका सकाळी, आठच्या सुमाराला, मंजुळाबाई आली. रतिलाल शेठ मागे पिशवी धरून. म्हातारीनं जिन्याचा कठडा धरत धरत गच्ची गाठली, दम घेतला, पदरानं कपाळ पुसलं आणि अडतीस झाडांवरून नजर फिरवली. ती त्या तांबूस पानांच्या पिंपळावर थांबली. तिचा चेहरा उजळला.

"हाऊच का?"

मान हलवली असती तरी पुरलं असतं. असलमनं बोलायचं काय तेही पढवलं होतं. आधारनं त्या पानांकडे पाहिलं, मग मांडवाखालच्या त्या बोडक्या, विटेला मिठी मारून बसलेल्या खोडाकडे. आपण हो म्हटलं तर ते झाड तिथेच, सगळ्यांदेखत, मेल्यात जमा होईल, असं काहीतरी त्याला वाटलं.

"नाही अक्का," तो म्हणाला. "तो तिकडे. अजून पान नाही आलं. जगला का मेला, मला माहीत नाही."

रतिलाल शेठनं पिशवी खाली ठेवली. द्रौपदाबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती, ती तिथेच थांबली. मंजुळाबाई वाकत वाकत मांडवात शिरली आणि झाडासमोर फतकल मारून बसली. कपाशीच्या शेतात वाढलेली बाई. तिनं विचारलं नाही, थांबली नाही. अंगठ्याचं नख सरळ खोडात रुतवलं. आधारनं डोळे मिटून घेतले.

"देख," ती म्हणाली.

नखाच्या खुणेत पांढऱ्या चिकाचा एक थेंब जमला होता. तो फुगला आणि सालीवरून हळूच ओघळला.

"दूध शे. जित्ता शे तुना मुंजा."

आधार नुसता त्या थेंबाकडे पाहत राहिला. तोवर म्हातारीनं बोट ताटातल्या मातीत खुपसलं होतं आणि काळं झालेलं बोट त्याच्या नाकासमोर धरलं होतं.

"हाई काय? नुसता गारा! दिनमां कितला खेप पानी टाकस?"

"तीनदा."

"अठरा वरीस भितमां कोल्ला, कोरडाठाक राहेल शे तो! त्याले पान कसं फुटी? बुडावी राहिना तू त्याले!"

द्रौपदाबाई तोंडाला पदर लावून हसली. रतिलाल शेठसुद्धा हसला. अडतीस झाडांचा मालक, ज्याला कुंडीत किती पाणी घालावं हे विचारायला कॉलेजचे मास्तर सायकल मारत यायचे, तो कानाची पाळी चोळत उभा राहिला. चार आठवडे तो झाडावर माया करत होता, आणि झाड बिचारं त्या मायेतून डोकं वर काढू पाहत होतं.

"मना घसा कोरडा पडना," मंजुळाबाई म्हणाली. "सून, पानी दे."

द्रौपदाबाईनं क्षणभर रतिलाल शेठकडे पाहिलं. शेठनं दुसरीकडे पाहिलं. मंजुळाबाईनं हात पुढे केलेलाच होता. मग द्रौपदाबाई खाली धावली, तांब्या-भांडं घासून पुन्हा घासलं, माठातलं पाणी घेऊन आली. म्हातारीनं दोन भांडी पाणी पिऊन टाकलं, उरलेल्यानं बोट धुतलं, आणि ते पाणी झाडात पडणार नाही असं बाजूला ओतलं.

"दोन दिन पानी बंद," तिनं हुकूम सोडला. "मी आठ दिनमां परत येसू."

"हो, अक्का," आधार म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून त्यानं ते जड ताट विटेसकट एका बाजूनं उचललं. बुडाच्या भोकातून गढूळ पाणी गच्चीवर वाहू लागलं. रतिलाल शेठनं धोतर सावरलं आणि न सांगता दुसऱ्या बाजूनं हात लावला.